मत विरोधात, खुर्ची शेजारी

थूलकाका मीटिंगला येताना स्वतःची खुर्ची घेऊन यायचे. तशी आमच्या लेआऊटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या कॉलनीत, सगळेच आणतात, कारण समितीकडे खुर्च्या नाहीत, आणि विकत घ्यायच्या की नाही यावर अजून आमचं जमलेलं नाही. मीटिंगची वेळ झाली की सिंदी मेघेच्या आमच्या गल्ल्यांमधून माणसं लाल-निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या डोक्यावर उलट्या धरून निघतात आणि मोकळ्या जागेतल्या कडुनिंबाखाली जमतात. नवा पाहुणा आला तर त्याला वाटावं, कुठे लग्नाचं सामान चाललंय. काकांची खुर्ची मात्र सागवानी, वेताने विणलेली. तहसील कचेरीतलं जुनं सामान लिलावात निघालं तेव्हा त्यांनी ती घेतली होती. एका बाजूने काका आणि दुसऱ्या बाजूने शांताकाकू, अशी ती दोघांनी मिळून यायची.

आणि एवढी जड खुर्ची आणून हा माणूस एका जागी बसेल तर शपथ! चर्चा तापली, सगळे एकीकडे आणि एखादाच दुसरीकडे असं झालं की काका उठायचे. मुरमावरून घर्रर्र करत खुर्ची ओढायचे आणि त्या एकट्या पडलेल्याच्या शेजारी जाऊन बसायचे. तो बिचारा खूश व्हायचा. चला, साहेब आपल्याकडून आहेत! मग हात वर करायची वेळ यायची, आणि काका त्याच्या मांडीला मांडी लावून त्याच्याच विरोधात हात वर करायचे.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा लेआऊटच्या फाटकाला रंग कोणता द्यायचा यावर वाद चालला होता. सगळ्यांना हिरवा हवा होता आणि एका रिटायर्ड हवालदारांना निळा. काका त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि हात मात्र हिरव्याला वर केला. हवालदार भडकले. "अहो साहेब, मग इथं येऊन बसले काऊन?"

"मत तुमच्या विरोधात हाये, हवालदार," काका म्हणाले. "मी तुमच्या विरोधात नाई." आणि चहाची किटली आली तेव्हा पहिला कप हवालदारांच्या हातात दिला. हरलेल्याला चहा आधी, हा त्यांचा दुसरा नियम. तिथे मात्र कोणाची सुनावणी नव्हती. जिंकलेल्यांनी वाट पाहायची.

काका नायब तहसीलदार म्हणून रिटायर झाले होते. नोकरीची बहुतेक वर्षं निवडणुकीच्या कामात गेली. देवळी, आष्टी, कुठे कुठे बदल्या झाल्या, पण निवडणूक आली की कोणत्याही कचेरीतून यांनाच बोलावणं. लोकांना निवडणुकीची ड्यूटी म्हणजे डोकेदुखी वाटते. काकांना ती दिवाळी वाटायची. ग्रामपंचायतीच्या मतदानाच्या दिवशी नवी बंडी घालून जायचे, असं काकू सांगायच्या. "लग्नात घातली नोती इतकी चांगली बंडी," हेही सांगायच्या.

त्यांचा आवडता किस्सा आष्टीकडच्या एका गावच्या मोजणीचा. एका उमेदवाराला एकच मत पडलं. मोजणीच्या खोलीत हशा पिकला. तो माणूस टेबलापर्यंत आला आणि हळूच विचारू लागला, "साहेब, माह्या बायकोचं मत मोजाचं राह्यलं काय?" काका सांगता सांगता इतके हसायचे की डोळ्यांत पाणी यायचं. पण त्या दिवशी ते हसले नव्हते. मोजणीच्या टेबलावरून उठून त्यांनी त्या माणसाला बाहेर टपरीवर नेलं, चहा पाजला आणि सांगितलं, "तुमचं एक मत मी बाकीच्याइतकंच नीट पाह्यलं. उलटून पाह्यलं, पालटून पाह्यलं." हरलेल्याला आधी चहा तेव्हापासून सुरू झाला.

घरी मात्र त्यांची लोकशाही चालत नसे. "आमच्या घरात मतं दोन," काका म्हणायचे, "अन् दोन्ही शांताचे." काकू आतून ओरडायच्या, "तिसरं कोनाचं असन तं त्याले सांगा भाजी चिराले!" मग काका मुकाट्याने विळी घेऊन बसायचे. त्यांच्याकडे कधीही गेलं तरी हसूनच परत यावं लागे, आणि हातात गोरसपाकाच्या बिस्किटाचा तुकडा असायचा.

ते स्वतः हरायचे कसे, हेही सांगायला हवं. मोकळ्या जागेत झाड लावायचं ठरलं तेव्हा काकांना मोह हवा होता. तासभर त्यांनी मोहाचं असं काही वर्णन केलं की मला वाटलं आता पडतात मतं. पडली गुलमोहराला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर काका बादली घेऊन गुलमोहराच्या रोपाला पाणी घालतायत! मी म्हटलं, "काका, हे तर तुमच्या विरोधकांचं झाड." म्हणाले, "बावा, निवडून आलं ना? आता आपलंच हाये." पुढे रोज सकाळी तेच पाणी घालायचे. ज्यांनी हिरिरीने गुलमोहराला हात वर केले होते त्यांच्यापैकी एकालाही मी बादली उचलताना पाहिलेलं नाही.

आता माझं सांगते. मी घरातल्या पुढच्या खोलीत पार्लर चालवते. माझं तोंड तिखट आहे, हे लेआऊटमध्ये कोणीही सांगेल, पण हात हलका आहे, हेही सांगेल. मी सांगतेय त्या वर्षी माझ्या नवऱ्याची देवळीकडची नोकरी गेली होती, मुलगी कॉलेजात होती आणि घराची चूल पार्लरवर पेटत होती. लग्नसराईत नवऱ्या मुली तयार व्हायला यायच्या, त्यांच्यासोबत मावश्या, बहिणी, मैत्रिणी, स्कूट्या आणि फुलांनी सजवलेल्या गाड्या. गल्लीत मेळा भरायचा, हे मी नाकारत नाही.

तर समितीचे सचिव उमाटेसर, कॉलेजातून रिटायर झालेले, शिस्तीचे, एका मीटिंगमध्ये उभे राहिले आणि त्यांनी ठराव वाचला. लेआऊटमधल्या कोणत्याही राहत्या घरात व्यवसाय करू नये. नाव कोणाचं घेतलं नाही, पण सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. माना डोलू लागल्या. ज्यांच्या भुवया मी आदल्याच दिवशी कोरल्या होत्या, त्यांनी त्याच भुवया माझ्यावर उंचावल्या. असा संताप आला म्हणता!

मी उभी राहिले. भांडायचं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "माझं घर त्याच्यावर चालतं." आणि मी खाली बसले. आजूबाजूच्या खुर्च्या कधी लांब सरकल्या कोण जाणे, माझ्या दोन्ही बाजूंना नुसता मुरूम होता.

मग ऐकू आलं, घर्रर्र.

मी म्हटलं, "काका, तुम्ही नका येऊ. मला माहीत आहे तुमचं. बसाल इथं आणि हात वर कराल तिकडं. आज मला सहन होणार नाही."

"थांब पोरी," ते म्हणाले. खुर्ची माझ्या खुर्चीला लावली, बसले, धाप जिरवली. "उमाटेसर, मतदान घ्याचं म्हनता, मले तं आनंदच हाये. जिंदगीभर तेच केलं. पन आधी एक सांगा. ह्याच्यात कोनाचं काय जाते?"

"सगळ्यांनाच त्रास होतो, साहेब. बहुमत आहे."

"तरास समजला. ठराव झाला तं तुमचा तरास जाईन, अन् हिची चूल जाईन. एका तराजूत कसं ठेवता? बहुमताले गाडी चालवाचं लायसन देल्लं हाये, सर. कोनाच्या सैपाकखोलीतून न्याचं नाई देल्लं. हा मतदानाचा विषयच नाई."

कोणीतरी मागून म्हणालं, "साहेब, नियम म्हणजे नियम."

"नियम पाह्यजेच," काका एकदम खुशीत आले. "पन सगळ्याइले सारखा. तं आधी व्यवसाय कशाले म्हनाचं ते ठरवू. शिकवणीवाल्या मॅडम, तुमच्याकडं पोट्टे येतात ना संध्याकाळी?"

शिकवणीवाल्या मॅडम गोऱ्यामोऱ्या झाल्या. थोडा वेळ पदराशी चाळा केला, मग उठल्या, आपली निळी खुर्ची उचलली आणि माझ्याकडे येऊन बसल्या. काकांनी कोणाला ओढलं नाही, नुसतं पाहिलं. ब्लाऊज शिवणाऱ्या वहिनी आल्या. विम्याचं काम करणारे भाऊ आले. डबे देणाऱ्या मावशी आल्या. वरच्या मजल्यावर भाडेकरू ठेवणारे हवालदार, तेही आले आणि म्हणाले, "निळा रंग द्या म्हणत होतो तेव्हा ऐकलं असतं तर ही पाळी आली नसती." याचा आणि त्याचा काय संबंध, देव जाणे. आणि सगळ्यांत शेवटी, काकांच्याच मागे, शांताकाकू हात वर करून म्हणाल्या, "माह्ये शेवया-सरगुंडे बी विकले जातात उन्हाळ्यात. नागपूरपर्यंत जातात."

"पाह्यलं?" काका म्हणाले. "माह्या घरातच कारखाना निघाला!"

हसून हसून लोक वाकले. बघता बघता सगळ्या खुर्च्या माझ्याकडे आल्या आणि समोर, भर मैदानात, हातात ठरावाचा कागद घेतलेले उमाटेसर एकटे उरले. मला तर गुदगुल्या व्हायला लागल्या. "घ्या आता मतदान!" मी ओरडले, माझं तोंड आता चांगलं सुटलं होतं. "आणि दुसराही ठराव करा. गाड्यांबद्दल पुन्हा कोणी ब्र काढायचा नाही!" टाळ्या पडल्या. भराभर हात वर जायला लागले.

आणि घर्रर्र.

आधी मला कळेचना. मग बघते तर काका खुर्ची ओढत उमाटेसरांकडे निघालेले. "काका, इकडं!" मी किंचाळले. "चुकून राह्यले तुम्ही!"

"चुकलो नाई. मघाशी तू एकटी होती. आता हे हायेत." ते सरांच्या शेजारी बसले. "सर, लेआऊटचं सोडा. तुमचं काय जाते ते सांगा."

उमाटेसरांनी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग म्हणाले, त्यांच्या आईला दम्याचा त्रास आहे, पायांनी अधू आहे. मागच्या महिन्यात तिला धाप लागली तेव्हा त्यांच्या फाटकासमोर नवरीची गाडी उभी होती, ड्रायव्हर सापडेना. ऑटो आत येईना. आईला हातांवर उचलून गल्लीच्या तोंडापर्यंत न्यावं लागलं. "आईचं सभेत कशाला काढायचं, म्हणून ठराव सगळ्यांसाठीचा केला," ते म्हणाले.

टाळ्या वाजवणारे हात मांडीवर आले. माझेही.

"हा बी मतदानाचा विषय नाई," काका म्हणाले. "माय दवाखान्यात पोचली पाह्यजे, हे काही हात वर करून ठरवाचं नसते. सरांच्या फाटकासमोर गाडी लागनार नाई. अन् रंजनाचं पार्लर चालनार. आता राह्यलं काय? गाड्या लावाच्या कुठं! घ्या, ह्याच्यावर घ्या मतदान, मजेत घ्या!"

ते मतदान त्यांनी स्वतः घेतलं, आणि असं घेतलं की जणू लोकसभेचं आहे. हात मोजले, पुन्हा मोजले, अर्धवट वर असलेल्या हाताला दरडावून विचारलं, "हे मत हाये की आळस?" काकांना गाड्या भिंतीच्या कडेला हव्या होत्या, कडुनिंबाची सावली लोकांना बसायला राहावी म्हणून. लोकांनी कडुनिंबाच्या मागची जागा ठरवली. काका हरले, आणि पहिला कप त्यांनी मोठ्या ऐटीत स्वतःच उचलला.

मी मात्र फुगले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गुलमोहरापाशी त्यांना गाठलं आणि म्हटलं, "माझी बाजू सोडली तुम्ही, काका. सगळ्यांसमोर."

"बाजू नाई सोडली, जागा सोडली. तुह्याजवळ बसाले तं अख्खा लेआऊट होता." बादली खाली ठेवली. "अन् खरं सांगू काय, काल तू जिंकली तशी जिंकनं माह्या मनात नोतं. खुर्च्या आल्या म्हनून तू वाचली. नसत्या आल्या तं? सगळ्या लेआऊटमधी तुह्याच एकटीचं पार्लर असतं तं? तरी चाललंच पाह्यजे होतं. संविधान लिहिनाऱ्याइनं हेच तं केलं, पोरी. राज्य कोनं कराचं ते मतानं ठरवा म्हनले. पन मानसाचं काय काय हिसकता येत नाई, ते मतपेटी उघडाच्या आधीच लिहून ठेवलं. काऊन? कारन आज आपन ह्या बाजूले हाओ, उद्या कोन्या बाजूले असू, सांगता येत नाई."

मी विचारलं, "मग लोकांना कलम सांगायचं ना सरळ. खुर्ची कशाला ओढता या वयात?"

तेव्हा त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. गावच्या सभेत वडील एकदा उभे राहिले होते. आमच्या वस्तीकडं जाणाऱ्या वाटेवर आधी मुरूम टाका, पावसात पोरांना शाळेत जाता येत नाही, एवढंच म्हणणं. सगळं गाव म्हणालं, आधी देवळाकडची वाट. वडील एकटे पडले. त्या काळी गावाबाहेरच्या त्या वस्तीतल्या माणसाजवळ कोणी बसतही नसे. तेवढ्यात गावातली एक म्हातारी, चांगल्या शेतीवाडीची, आपलं पोतं उचलून आली, वडिलांच्या शेजारी अंथरलं आणि बसली.

"अन् मत?" मी विचारलं.

"देवळाकडच्या वाटेले देल्लं!" काका खो खो हसले. "लय भाविक होती म्हातारी. पन बाप घरी आला अन् मायले म्हने, आज मी हरलो, पन एकटा नोतो. पुढच्या सभेत बाप पुन्हा उभा राह्यला. त्याच्या पुढच्या सभेत बी. शेवटी पडला मुरूम. ती म्हातारी आली नसती तं बाप पुन्हा सभेत पाय ठेवता नाई." त्यांनी बादली उचलली. "कलम वाचून मले कायदा समजला. खुर्ची काऊन ओढाची, ते त्या म्हातारीपासून समजलं."

त्यानंतर उमाटेसरांचं आणि माझं गूळपीठ जमलं म्हणणार नाही. पण त्यांच्या आईचे केस कापायला मीच घरी जाते, आणि त्यांच्या फाटकासमोर कोणी स्कूटी लावली तर माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येतो. सर आणि काका मात्र सकाळी सोबत फिरायला लागले. रस्ताभर वाद घालत जायचे आणि रस्ताभर वाद घालत यायचे.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. सकाळी झाडाला पाणी घालून आले, काकूंना म्हणाले चहा टाक, आणि चहा व्हायच्या आत गेले. मी त्या दिवशी पार्लर उघडलं नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि पुढच्या मीटिंगला एकच विषय होता. मोकळ्या जागेला काकांचं नाव द्यायचं, गुलमोहराजवळ संगमरवरी पाटी लावायची. विषय उमाटेसरांनीच मांडला, आणि मांडताना दोनदा थांबले. नाही म्हणणारा होता कोण? सगळे हात वर गेले. माझा तर सगळ्यांत वर.

एकच हात खाली होता. शांताकाकूंचा. त्या काकांच्या सागवानी खुर्चीत बसल्या होत्या. आम्ही चौघींनी मिळून ती आणली होती.

"मले पाटी नको," काकू म्हणाल्या. "मानूस पाटीवर चढला की लोक हार घालतात. वाद घालत नाई. त्याइले हाराचा कंटाळा होता."

हात वरच राहिले, कारण खाली घ्यावे तर काकांचा अपमान आणि वर ठेवावे तर काकूंचा. आणि तेवढ्यात उमाटेसर उठले. उजवा हात तसाच वर. डाव्या हाताने आपली लाल प्लास्टिकची खुर्ची धरली आणि मुरमावरून ओढत निघाले. प्लास्टिकच्या खुर्चीचा आवाज तो काय येणार, पण आम्हा सगळ्यांना ऐकू आला. काकूंच्या शेजारी त्यांनी ती टेकवली आणि बसले, हात वर ठेवूनच.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. "सर, हात तं खाली करा."

"नाही काकू. माझं मत पाटीलाच आहे." सरांनी हात आणखी ताठ केला. "पण नाव तुमच्या घरचं आहे. हा मतदानाचा विषय नाही."

काकू हसल्या. काका गेल्यापासून पहिल्यांदा, पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसल्या, आणि मग आम्ही सगळेच रडत रडत हसलो. पाटी लागली नाही. आम्ही सगळे हरलो, म्हणून त्या दिवशी चहा आधी आम्हाला मिळाला.